आत्यांना वाचून दाखवलेली पुस्तकं

कोणतं पुस्तक वाचायचं हे त्या काळात माझ्या हातात नव्हतं. माझे मिस्टर ऑफिसातून येताना वाचनालयात शिरायचे, कपाटातलं जे जाड दिसेल ते उचलायचे आणि घरी येऊन माझ्या हातात देत म्हणायचे, "बघ, चांगलं जाड आणलंय. आठवडाभर पुरेल." जसं काही गव्हाचं पोतंच आणलंय.

मी तेव्हा नांदेडला आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सासूबाईंच्या खाटेशेजारी दिवस काढत होते. त्याआधी लातूरला अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवायचे. मिस्टरांची नांदेडला बदली झाली, तेव्हा मी जूनपर्यंत लातूरलाच राहायचं आणि मग तिकडे नोकरी शोधायची असं ठरलं होतं. पण दिवाळी झाली आणि सासूबाई मुरुडजवळच्या गावी न्हाणीत घसरून पडल्या. खुबा मोडला. लातूरला ऑपरेशन झालं, सळई बसली, तरी त्यांचं चालणं काही परत आलं नाही. नणंद औशाला दिलेली. ती म्हणाली, "आमच्याकडं माझी सासू हाय. दोन-दोन म्हाताऱ्या कशा बघू?" मला नोकरी सोड असं कुणीच म्हटलं नाही. सगळे फक्त माझ्याकडे बघत राहिले.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आमच्याकडे तीच पद्धत आहे. आत्यांची कूस दर दोन तासांनी बदलावी लागायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. दोन तासांत माणूस कुठं जाऊन येणार? खाली दूध आणायला गेले तरी जिना पळतच चढायचे. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत आणि पाण्याची काळी टाकी दिसायची. टाकी भरून वाहायला लागली की मला तेवढंच काहीतरी घडल्यासारखं वाटायचं.

आत्यांना टीव्ही सोसायचा नाही. "त्यातल्या बाया लई वरडतात," म्हणायच्या. त्या तिसरीपर्यंत शाळेत गेल्या होत्या, पण अक्षरं कधीच विसरल्या होत्या. एका दुपारी मी वाचता वाचता नाकातून हसले असेन. त्यांनी विचारलं, "काय वाचायलीस? मला बी सांग की."

"तुम्हाला नाही आवडायचं, आत्या. राजा-राणीचं आहे, खोटं खोटं."

"मी काय खरं ऐकायला बसलेय व्हय? वाच."

तिथून सुरुवात झाली. ते पुस्तक म्हणजे कुठल्याशा काल्पनिक राज्याची भली मोठी गोष्ट होती. पाच घराणी, ज्याच्या रक्तात आग आहे असा एक राजपुत्र, आणि पंख असलेलं, सरड्याच्या तोंडाचं एक प्रचंड जनावर. पहिली तीस पानं नुसत्या वंशावळी. मी कंटाळत कंटाळत वाचत होते. आत्या मात्र हातावर गाल ठेवून ऐकायच्या आणि मध्येच थांबवायच्या.

"एवढं सैन्य निघालं म्हणतीस, ते जेवतंय कुठं?"

"ते नाही दिलेलं पुस्तकात."

"अन् ज्वारी कोण पेरतं त्या राज्यात? सगळेच तलवारी घेऊन हिंडायलेत."

"तेही नाही दिलेलं."

"मग दोन दिसांत बसतंय ते राज्य," म्हणून त्यांनी निकाल देऊन टाकला. पण जनावराचं त्यांना खरंच वेड लागलं. जेवण झालं की विचारायच्या, "ते उडणारं आज येतंय का?" त्याला डोंगरातल्या गुहेत साखळदंडानं बांधून ठेवलेलं असतं ते प्रकरण वाचलं, त्या दिवशी त्या जेवल्याच नाहीत म्हटलं तरी चालेल. चार घास खाल्ले असतील. आणि शेवटी राजपुत्र गुहेच्या तोंडाशी पोचतो न पोचतो तोच खाली छापलेलं, भाग पहिला समाप्त. दुसरा भाग वाचनालयात नव्हता. आत्या दोन दिवस लेखकाला शिव्या घालत होत्या. "अर्ध्यात ठिवून गेला मेला. सोडवायचं न्हवतं तर बांधलास कशाला?"

माझ्याकडे एक जुनी वही होती, अर्धी कोरी. प्रत्येक पुस्तक संपलं की मी तिच्यात माझं मत लिहायचे आणि पन्नासपैकी गुण द्यायचे. पेपर तपासायची सवय, दुसरं काय. या पुस्तकाला अठरा दिले. शेरा लिहिला: 'पसारा फार, मुद्दा कमी. जनावराचे प्रकरण उत्तम.' वही औषधांच्या डब्याखाली असायची. लपवण्यासारखं काही नव्हतं. घरात वाचणारं तरी कोण होतं?

त्यानंतर आली प्रेमकथा. मुखपृष्ठावर धबधबा. नायिका डॉक्टर, नायक डोंगरातल्या बंगल्यात एकटा राहणारा, श्रीमंत आणि कायम रागावलेला. मला पहिल्या पानापासून हसू येत होतं. बाविसाव्या पानावर तो तिचा हात धरतो, चाळिसाव्यावर पाऊस येतो, आणि मग जे व्हायचं ते व्हायला लागतं. तिथं मी थांबले, नजरेनं अर्धं पान ओलांडलं आणि पुढून वाचायला लागले.

"मधी काय गाळलीस?"

"काही नाही, आत्या."

"पान उलटायच्या आधी थांबलीस तू. मला दोन लेकरं झाली, बाई. वाच."

मी वाचलं. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या, डोळे पुस्तकातून वर उचलायची हिंमत नव्हती. आत्या कीर्तनाला बसल्यासारख्या शांतपणे ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "हां. एवढंच व्हय?" मला इतकं हसू फुटलं की पुस्तक हातातून पडलं. त्यांनाही हसू आवरेना, खुब्यावर हात दाबून "आई गं, हसवू नको, दुखतंय," म्हणत त्या हसत राहिल्या. त्या घरात आम्ही दोघी तशा पहिल्यांदाच हसलो.

शेवट त्यांना पटला नाही. "लगीन लागलं अन् पुस्तक संपलं. खरी गोष्ट तर तिथनं पुढं हाय."

"पुढचं लिहिलं तर वाचणार कोण?"

"तेबी खरं हाय."

मी त्या पुस्तकाला पंधरा गुण दिले. पण खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी आत्यांचा डोळा लागल्यावर मी ते परत उघडलं. एका ठिकाणी तो रागीट माणूस तिला विचारतो, "तुला काय हवंय?" बास, एवढंच. ते पान मी तीनदा वाचलं. मला कित्येक महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. मिस्टर विचारायचे, "आईनं खाल्लं का? गोळी दिलीस का? गॅस कधी संपतोय?" माणूस वाईट नाही. घरी आल्यावर भांडीसुद्धा घासायचे. पण हा प्रश्न त्यांच्या डोक्यात कधी आला नाही. मी वही काढली, पंधरा खोडून बावीस केले, आणि का ते लिहिलं नाही.

तिसरं पुस्तक यशस्वी कसं व्हावं याचं होतं. पहाटे उठा, दिवसाची आखणी करा, नकारात्मक माणसांपासून दूर राहा, रोज एक तास स्वतःसाठी राखून ठेवा. आत्या म्हणाल्या, "चाळीस वर्सं मी चारला उठले. कोन्ती मोटार आली दारात?" मी पन्नासपैकी सहा दिले आणि लाल पेननं लिहिलं: 'एक तास कुठून आणायचा, हे लेखकाने दिलेले नाही.' तेवढ्यात कूस बदलायची वेळ झाली.

एप्रिलमध्ये मिस्टरांनी जे आणलं, ते मात्र माझ्या छातीवर बसलं. ती खऱ्या अनुभवांची गोष्ट होती. पृथ्वीच्या तळाशी, बर्फात, एका संशोधन केंद्रावर अडकलेल्या माणसाची. तिथं कित्येक महिने सूर्य उगवत नाही. विमान येत नाही, जहाज येत नाही. बाराजण एका छपराखाली. बाहेर नांदेडचं ऊन भिंती तापवत होतं, कूलर खडखडत होता आणि मी त्या बर्फात शिरले ती बाहेरच येईना. तो माणूस लिहितो की सुरुवातीला सगळे गाणी म्हणायचे, पत्ते खेळायचे. मग हळूहळू बोलणं संपलं. मग त्याला शेजारच्या माणसाच्या चावण्याच्या आवाजाचा राग यायला लागला. नुसता राग नाही, द्वेष. तो माणूस चांगला आहे हे माहीत असूनही.

तिथं मी वाचायची थांबले. आत्यांना घसा साफ करायची सवय होती. दर चार-पाच मिनिटांनी. पहिले काही महिने ते माझ्या कानावरही पडत नव्हतं. आताशा तो आवाज यायच्या आधीच माझे खांदे वर जायचे.

"का थांबलीस? काय गाळायलीस?"

"नाही, वाचते."

मी ते सगळं वाचलं. आत्या म्हणाल्या, "त्याला ठाऊक होतं की, उजेड कवा येणार ते. तारीख ठाऊक होती. मग माणूस काढतंय दीस."

त्याच दुपारी मी वहीत लिहिलं. चव्वेचाळीस गुण. खाली शेरा. आणि शेऱ्याखाली आणखी दोन-चार ओळी, ज्यांचा पुस्तकाशी संबंध नव्हता.

पुढच्या आठवड्यात औशाहून नणंद आईला भेटायला आली. आत्यांच्या गोळ्या संपत आल्या होत्या. ती आलीच आहे तर, म्हणून मी चिठ्ठी घेऊन खाली उतरले. जवळच्या दुकानात एक गोळी नव्हती, म्हणून पुढच्या दुकानात गेले. ती मिळाल्यावर लगेच परत यायला हवं होतं. पण मी रसवंतीत बसले. उसाचा रस मागवला. घुंगरं वाजवत चरक फिरत होता, शेजारच्या बाकावर विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या दोन मुली कुणाची तरी नक्कल करून खिदळत होत्या. मी दुसरा ग्लास घेतला. घरी पोचायला तास-सव्वा तास झाला असेल.

दार उघडंच होतं. नणंद खाटेजवळ स्टुलावर बसलेली, मांडीवर माझी वही. आत्यांचं तोंड भिंतीकडे.

"वहिनी, हे काय लिहून ठेवलाव तुम्ही?"

औषधांचा डबा बघताना तिला वही सापडली होती. पुस्तकांचं काहीतरी आहे म्हणून तिनं आईला वाचून दाखवायला सुरुवात केली, आणि वाचत वाचत त्या पानापर्यंत आली. तिथं आल्यावर थांबता आलं असतं. ती थांबली नाही.

माझं अक्षर होतं. पिशवीतून गोळ्या काढून डब्यात ठेवल्या, एवढं आठवतं.

संध्याकाळी मिस्टरांनी ते पान वाचलं. उभ्यानंच वाचलं, चष्मा काढून पुसला, परत घातला. म्हणाले, "येतं माणसाच्या मनात. पण लिहून कशाला ठेवायचं?" जणू लिहिणं हाच गुन्हा होता. नणंद शेवटच्या गाडीनं औशाला गेली. जाताना माझ्याशी बोलली नाही.

त्यानंतर तीन दिवस आत्या बोलल्या नाहीत. दिलेलं खायच्या, कूस बदलताना अंग सैल सोडायच्या. मी त्यांना पुसायचे, पावडर लावायचे, केस विंचरायचे. आपण त्याच्या मरणाची वाट बघतोय हे ज्या माणसाला कळलंय, त्याचं अंग दिवसभर हाताळायचं, ही शिक्षा मी कुणाला देणार नाही. घसासुद्धा त्या साफ करेनात. येतोय असं वाटलं की तोंडावर पदर धरायच्या आणि आवाज गिळायच्या. ते मला बघवत नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी त्या म्हणाल्या, "ती वही आण."

"आत्या, नको."

"आण म्हणते ना. तिनं वाचलं ते शिवी दिल्यागत वाचलं. तू वाच. अन् गाळू नको."

मी वही आणली आणि स्टुलावर बसून वाचलं. "एक माणूस बर्फात अडकतो आणि स्वतःबद्दल खरं लिहितो, हे या पुस्तकाचं बळ. शेवटची पानं घाईत उरकली, चार गुण कापले. नकाशा नाही, दोन कापले. हा माणूस सुटला. मी कधी सुटणार? आत्या गेल्यावरच. त्या लवकर जाव्यात असं आज मला वाटलं. दीड मिनिट वाटलं, त्या घसा साफ करत होत्या तेव्हा."

आत्या छताकडे बघत होत्या. "दीड मिन्ट?"

"हो."

"घड्याळ लावून बसली होतीस व्हय?"

मला रडू यायला लागलं. त्या म्हणाल्या, "रडू नको, ऐक. माझी सासू सात वर्सं खाटंवर होती. ओसरीत. मी सात वर्सं तिचं काढलं. दर शनिवारी मारुतीला जायची अन् म्हणायची, देवा, उचल आता हिला. नारळ बोलले होते मी, पाच. म्हातारी गेली त्या दिशी समद्या गावात जोरात मीच रडले. तेरावं झालं अन् गुपचूप जाऊन नारळ फोडून आले. मला लिहिता येत न्हवतं म्हणून वाचले, पोरी."

मी डोळे पुसले.

"अन् तुला काय वाटतं, तूच अडकलीस? मला बी सुटायचं हाय. ही भिंत बघून माझे डोळे गेले." मग एकदम नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "फोन लाव औशाला."

फोन स्पीकरवर होता. नणंदेनं आधी सासूचं कारण सांगितलं, मग पाण्याचं, मग उन्हाचं. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वही वाचायला येती, अन् आईचं अंग पुसायला येत न्हाई?" मे महिना आणि थोडा जून, असं ठरलं.

आत्यांना गाडीनं औशाला पोचवलं त्याच दिवशी मी माझ्या जुन्या कॉलेजात फोन केला. बारावीला जाणाऱ्या मुलांची उन्हाळी बॅच होती, शिकवायला माणूस हवाच होता. मी लातूरला माहेरी गेले. पहिले आठ दिवस दर दोन तासांनी माझा हात आपोआप घड्याळाकडे जायचा. वर्गात शिरले, फळ्यावर पेशीचं चित्र काढलं, मागच्या बाकावरच्या पोरानं जांभई दिली आणि मला त्या जांभईचाही आनंद झाला. त्या सहा आठवड्यांत मी एकही पुस्तक उघडलं नाही. गरज वाटली नाही. आत्यांची रोज आठवण यायची असं लिहिलं तर ते खोटं होईल. एकदा आली, नीट आली. मांडीच्या हाडाची आकृती काढत होते, खुब्याच्या सांध्यापाशी खडू थांबला. मुलं वाट बघत होती. मी गोल पुरा केला आणि नावं द्यायला लागले.

बॅच संपली. लातूरहून निघाले, अहमदपूर गेलं, लोहा गेलं, आणि नांदेड जवळ यायला लागलं तशी मी पुन्हा घड्याळ बघायला लागले. सहा आठवड्यांनी काहीही बदललेलं नव्हतं. खाट तीच होती, टाकी तीच होती. फक्त सुट्टी संपली होती. पण गाडीत बसायच्या आधी मी एक काम करून आले होते. नांदेडच्या एका कॉलेजला अर्ज केला होता, आणि त्यांचं बोलावणं आलं होतं. आठवड्यातले तीन दिवस, सकाळची वेळ. मिस्टरांना मी हे सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं नसतं. ते माझ्याकडे नुसते बघत राहिले असते, आणि त्या बघण्याचीच मला भीती होती.

दुसऱ्या दिवशी आत्या आल्या. त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी उचललं, मिस्टर पुढं. प्रत्येक वळणावर दम घ्यायला थांबत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या वळणाला जाळीतून वारा येतो. तिथं आत्या म्हणाल्या, "थांबा. इथं जरा बसू द्या मला."

खुर्ची टेकवली. त्या वाळल्या होत्या, पण चेहरा उजळ दिसत होता. शेजारच्या वहिनींनी पाणी आणलं, मग चहा. माणसं पायऱ्यांवर बसली. आत्यांनी मला जवळ बोलावलं.

"तिकडं दिसभर मालिका लावून ठेवती ती. कान किटले." मग माझ्याकडे नीट बघत म्हणाल्या, "तुझं काय? कालिजात गेलतीस ना?"

"गेले होते. आता इथंच मिळतंय, आत्या. तीन दिवस. सकाळी."

"अन् माझं?"

"त्या वेळेपुरती एक बाई बघायची."

मिस्टर चार पायऱ्या वर उभे होते, हातात चहाचा कप. त्यांना हे तेव्हाच कळलं. त्यांनी कप खाली केला आणि आईकडे बघितलं. आत्यांनी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

"वाचता येतं का त्या बाईला?"

"अजून बघितलीच नाही कोणी. नसेलही येत."

त्यांनी चहाचा शेवटचा घोट घेतला, कप माझ्या हातात दिला. "नसू दे. पर तिची सासू कशी होती ते सांगता येतंय का, तेवढं इचारून घे." मग पायऱ्यांवर बसलेल्या माणसांना म्हणाल्या, "चला रे बाबांनो, उचला."